चौथ्या पटावरची जागा

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सेक्रेटरीबाईंनी दुपारी त्यांच्या औषधांच्या दुकानात बोलावून घेतलं. आमच्या बुद्धिबळ क्लबच्या त्या सेक्रेटरी. पोटासाठी औषधं विकतात, आणि दोन्हीकडे कडू तेच देतात. कुणाच्या तरी खोकल्याची बाटली कागदात गुंडाळत म्हणाल्या, "एकोणीस वर्षांत तुम्ही क्लबसाठी किती डाव जिंकलात, माहितीये?"

"हरलो किती ते विचारा," मी म्हणालो. "एकही नाही."

"आणि जिंकलात तीन. त्यातल्या दोन वेळा समोरचा माणूस आलाच नव्हता."

बाकी सगळ्या बरोबऱ्या. क्लबात मला बरोबरीबुवा म्हणतात, आणि मी ते कौतुकाने म्हणतात असं धरून चालतो. बाईंनी बाटली बाजूला ठेवली आणि मुद्द्यावर आल्या. तेवीस तारखेला पुलापलीकडच्या क्लबशी हंगामातली शेवटची मॅच आहे, आपल्याच हॉलमध्ये. मी जिंकलो तर संघातला चौथा पट माझाच राहील. हरलो किंवा बरोबरी केली, तर पुढच्या हंगामापासून त्या खुर्चीवर माझा मेव्हणा बसेल.

मेव्हणा बस चालवतो. बुद्धिबळही तसंच खेळतो, उतारावर ब्रेक न लावता. घोडा देतो, हत्ती देतो, एकदा तर वजीर दिला, आणि समोरचा गोंधळून मरतो.

"आणि सरावाची वही ठेवा," बाई म्हणाल्या. "रोज काय केलं ते लिहा." म्हणून ही वही. बाईंना मात्र दाखवणार नाही.

खरं इथेच लिहून टाकतो. ती जागा गेली तर मला फार लागेल. चष्म्याच्या दुकानात मी पार्टिशनच्या मागे मशीनपाशी बसतो. मालक पुढे गिऱ्हाइकांचे डोळे तपासतात, चिठ्ठीवर नंबर लिहून आत सरकवतात, मी काच घासून बाहेर सरकवतो. बावीस वर्षं झाली. गिऱ्हाइकांचे चेहरे मी क्वचितच बघतो, नंबर बघतो. चौथ्या पटावर मात्र माझ्या नावाची पाटी असते, आणि समोरचा माणूस उठून उभा राहून माझ्याशी हात मिळवतो. अशी खुर्ची मला दुसरीकडे कुठेच नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

प्रतिस्पर्धी कोण, ते लिहायचं राहिलं. पुलापलीकडचे टेलर मास्तर. वय साठीचं, शर्टाची इस्त्री कडक, बोलणं मोजकं. नऊ वर्षं आम्ही चौथ्या पटावर समोरासमोर बसतोय. सतरा डाव, सतरा बरोबऱ्या.

आमचा डाव ठरलेला. म्हणजे आम्ही कधी ठरवलेलं नाही, ठरवायला लागतच नाही. ज्याची पांढरी असेल त्याने वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवायचं. समोरच्यानेही तेच. मग त्याच बाजूचा घोडा बाहेर, समोरही घोडा. मग राजाकडचा उंट कोपऱ्यालगत सुरक्षित बसवायचा, समोरही उंट बसतो. पटाच्या मध्यावर कुणी कुणाला धक्का लावत नाही. आरशात बघून भांग पाडावा तसा डाव चालतो. पंधराव्या चालीच्या आसपास दोघांपैकी एकजण वर बघतो, दुसरा मान हलवतो, की बरोबरी. मग पुलाजवळच्या हॉटेलात चहा. तिथे गुडघे आणि हवामान यावर बोलणं होतं. मला ते फार आवडतं.

या माणसाला आता पाणी पाजायचं आहे. चहा पाजणाऱ्या माणसाला पाणी पाजायचं म्हणजे जिवावर येतं.

मास्तरांच्या दोन सवयी मात्र खटकतात. पहिली 'नीट करतो'. नियम असा की ज्या मोहऱ्याला हात लागला तो खेळलाच पाहिजे. पण मोहरा घरात वाकडा बसला असेल तर आधी 'नीट करतो' म्हणायचं आणि सरळ करायचा, त्याला दोष नाही. मास्तर प्रत्येक चालीला 'नीट करतो' म्हणतात आणि एकेका मोहऱ्याच्या डोक्यावरून बोट फिरवतात. स्वतःच्या तर फिरवतातच, माझ्याही! शिंप्याचा नीटनेटकेपणा, दुसरं काय. आणि दुसरी सवय, चाल करायच्या आधी उठतात, तीन पावलं मागे जातात आणि तिथून पटाकडे बघतात. राजवाड्याच्या गच्चीतून प्रजा बघावी तसं. समोर बसलेल्याला अगदी क्षुल्लक वाटायला लागतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

मेव्हणा सकाळीच आला, पट घेऊन. मला शिकवायला! मी हरलो तर जागा त्याची, आणि हाच मला जिंकायचं शिकवणार. हा मदत करतोय की माझा काटा काढतोय, हे मला जेवणापर्यंत कळलं नाही. जेवणानंतरही कळलं नाही.

"भाऊजी, तो तुमची नक्कल करतो ना? मग आरसा फोडा," तो म्हणाला. "सहा चाली नेहमीसारख्या खेळा. सातव्याला मधलं प्यादं दोन घरं ढकला. सरळ अंगावर. करू दे त्याला नक्कल."

"मधलं प्यादं? मग मारामारी होईल."

"बुद्धिबळ आहे हो भाऊजी, वधूवर मेळावा नाही."

बायको हसली. भावाच्या विनोदांना ती जरा जास्तच हसते. मग मी तिलाच पटासमोर बसवलं. तिला मोहऱ्यांची नावंही धड येत नाहीत. मी म्हटलं, मी करीन तेच तू कर, सराव होईल. ती हॉस्पिटलात टेलिफोनवर असते, दिवसभर लोक सांगतील ते ऐकून पुढे जोडून देते, त्यामुळे काम बिनचूक केलं. सातव्या चालीला मी आरसा फोडला, तिनेही तसंच प्यादं ढकललं, आणि चार चालींत तिच्या बाजूला नुसता राडा झाला.

"हे बरं आहे," ती म्हणाली. "लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तुम्ही पहिल्यांदाच काहीतरी आधी सुरू केलंत."

मेव्हणा खो खो हसला. मी वही लिहायला आत आलो.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज हेरगिरी केली. अर्धा दिवस रजा टाकून मास्तरांच्या दुकानात गेलो, पँट शिवायला टाकायच्या निमित्ताने. शत्रूच्या गोटात कुठलं पुस्तक उघडं आहे, कुठला सराव चालू आहे, बघावं म्हटलं.

पुस्तक एकही दिसलं नाही. दुकान छोटं, पण काय शिस्त! मशीन अगदी खिडकीला चिकटून. भिंतीवर एक छोटी कापसाची उशी, तिच्यात तीस-चाळीस सुया टोचलेल्या, प्रत्येकीत दोरा आधीच ओवून ठेवलेला. काळे वेगळे, पांढरे वेगळे. मास्तरांच्या बायकोने सांगितलं, "सकाळी उठल्या उठल्या मीच ओवून ठेवते. त्यांचा वेळ जायला नको." याला म्हणतात तयारी. आमच्याकडे माझा रुमाल सापडत नाही.

मास्तरांनी माप घेतलं. टेप माझ्या कमरेला लावला, हात लांब केला, मान मागे नेली आणि बायकोला म्हणाले, "बघ गं किती." तिने आकडा सांगितला, त्यांनी मोठ्या रुबाबात मान डोलावली. मालकाने आकडे वाचायचे नसतात, ते कारकुनाचं काम.

एक गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, अजून चष्मा नाही तुम्हाला?"

"साठ पूर्ण झाली. नाही म्हणजे नाही!" मास्तर म्हणाले. "आमच्या घराण्यात कुणाला लागलाच नाही."

मला चष्म्याच्या धंद्याच्या वतीने जरा वाईट वाटलं, पण कौतुकही वाटलं. अशी नजर असलेल्या माणसाला हरवायचं म्हणजे डोळ्यांत तेल घालून खेळावं लागणार.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पँट आली. डावा पाय उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं लांब. मागच्या खिशाची शिलाई वाट चुकल्यासारखी आधी खाली गेली आहे आणि मग वर आली आहे. पुढची दोन बटणं काळी आणि तिसरं गडद निळं.

मी ताबडतोब ओळखलं. हे युद्ध आहे! मी हेरगिरीला आलोय हे मास्तरांना कळलं, आणि त्यांनी पँटीतून उत्तर पाठवलं. चाळीस वर्षं शिवणाऱ्या माणसाच्या हातून हे चुकून होणं शक्यच नाही.

बायकोने पँट उजेडात धरून बराच वेळ पाहिली. "त्यांना चष्मा नाही का?" तिने विचारलं.

"नाही! साठीलाही नाही. त्यावरूनच समज, मुद्दाम केलंय."

"बरं," ती म्हणाली, आणि निळं बटण उसवायला घेतलं. तिचं हे 'बरं' मला कधी आवडत नाही. त्यात नेहमी चार वाक्यं गिळलेली असतात.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मेव्हण्याला पँट दाखवली. तो आधी पोट धरून हसला, मग गंभीर झाला. "भाऊजी, तो डोक्याशी खेळतोय. तुम्हीही खेळा. त्याच्या सवयी मोडा."

मग दोघांनी बसून बेत केला. एक, पंचांना पत्र. आमचे पंच म्हणजे निवृत्त ग्रंथपाल, लेखी अर्जाशिवाय त्यांना तहानसुद्धा लागत नाही. मी लिहिलं की मोहरा खरोखर वाकडा असेल तरच 'नीट करतो' चालावं, उगाच सगळा पट चाचपायला परवानगी नसावी. नियमाप्रमाणे अगदी रास्त मागणी आहे. पत्राची प्रत पुलापलीकडच्या क्लबलाही गेली.

दोन, बसायची जागा. हॉल आपला, टेबलं मांडणार मी. चौथ्या पटाचं टेबल मी कोपऱ्यात असं लावणार की मास्तरांच्या पाठीला भिंत येईल. तीन पावलं काय, तीन बोटंही मागे सरकता येणार नाही. मग बघू प्रजा कुठून बघतात ते.

इतका हुशार बेत माझ्या हातून आयुष्यात झालेला नाही. संध्याकाळभर मी शीळ घालत होतो.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज पुलावर मास्तर समोरून आले. मी हात वर केला. ते सरळ माझ्याकडे बघत आले आणि सरळ निघून गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा ओळख दाखवली नाही. हाक मारायचा मला धीर झाला नाही.

पत्र वाचलं असणार. मनाला लागलं असणार.

बायकोला म्हटलं, एका खुर्चीसाठी मी जरा जास्तच करतोय का? ती म्हणाली, "तुम्ही नियमातच केलंय ना सगळं?" हो म्हटलं. "मग माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. आता नियमात केलंय, आणि तरी जेवण गेलं नाही. मी खरं म्हणजे भांडणाचा माणूस नाही. आई आणि बायको यांच्यात मी कधी बाजू घेतली नाही, मालक आणि कामगारांच्या वादात घेतली नाही. दोघींना, दोघांना, सगळ्यांना तुमचं बरोबर आहे म्हणत इथवर आलो. उद्या एक दिवस वाईट वागायचं आहे. एका दिवसाने माणूस बिघडत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

संध्याकाळ. सगळं क्रमाने लिहितो.

टेबल मी ठरवल्याप्रमाणे कोपऱ्यात लावलं. मास्तर आले, भिंत आणि टेबलाच्या फटीतून तिरपे होऊन खुर्चीत शिरले. हात मिळवला. हात गार होता. पंचांनी माझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तर म्हणाले, "ठीक आहे." बस, तेवढंच. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

पांढरी माझी. उंटापुढचं प्यादं दोन घरं. त्यांनीही. घोडा, घोडा. घोड्यापुढचं प्यादं एक घर, त्यांचंही. कोपऱ्यातला उंट, उंट. दुसरा घोडा, दुसरा घोडा. राजा हत्तीआड नेऊन किल्लेकोट, किल्लेकोट. सहा चाली झाल्या आणि पटाच्या दोन्ही बाजू अगदी एकसारख्या. मास्तरांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांना वाटलं असेल, झालं, आता चहाच.

सातव्या चालीला मी मधलं प्यादं दोन घरं ढकललं.

मास्तर थोडं थांबले आणि त्यांनीही तेच केलं. बायकोने केलं होतं तसंच! आठव्याला मी त्यांचं ते प्यादं मारलं. आता माझं प्यादं त्यांच्या एका घोड्यावर चालून गेलं होतं आणि नक्कल करायला काही उरलं नव्हतं. साधी गोष्ट होती, दुसऱ्या घोड्याने माझं प्यादं परत मारायचं. शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं.

मास्तर बघत बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. उठायला गेले तर खुर्ची भिंतीला आपटली. परत बसले. हळूच म्हणाले, "नीट करतो," आणि पंचांनी बोट हलवून नाही म्हटलं. "वाकडं काही दिसत नाही, मास्तर."

मग त्यांचा हात निघाला. घोड्याकडे निघाला, पण घोड्यावर गेला नाही. शेजारच्या उंटावर आला आणि डोक्याच्या केसभर वर थांबला. त्याला हात लागला असता तर उंटच हलवावा लागला असता, घोडा फुकट गेला असता आणि माझी जागा वाचली असती. हात थांबला, बाजूला झाला, पुन्हा आला. मास्तर इतके वाकले की नाक वजिराला टेकायचं. मी त्यांच्याकडे पाहिलं. पटाकडे नाही, त्यांच्याकडे. नऊ वर्षांत मी हे केलंच नव्हतं. डोळे बारीक करून करून कडा लाल झाल्या होत्या, आणि पाणी येत होतं.

बावीस वर्षं मी काचा घासतोय. मालक ज्यांची चिठ्ठी आत सरकवतात ना, ती माणसं अशी बघतात.

मग सगळं एकदम अंगावर आलं. ओवलेल्या सुया, पँट, पूल. या माणसाला जवळचं काही दिसत नाही. पट तो बोटांनी बघतो, नाहीतर लांबून. ते दोन्ही रस्ते मी बंद केले होते, अर्ज लिहून, शीळ घालत! मला इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या.

घड्याळ त्यांचं चालू होतं, वेळ संपली की डाव माझा. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसायचं होतं, आणि नुसतं बसणं मला सगळ्यात चांगलं जमतं.

मी हात वर केला. "पंचसाहेब, माझी तक्रार मागे घेतो. मास्तरांना हवं तितकं नीट करू द्या."

"लेखी द्यावं लागेल," पंच म्हणाले. दिलं. मग मी म्हटलं, हे टेबल मधोमध घ्या, कोपऱ्यात मला कोंडल्यासारखं होतंय. सेक्रेटरीबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्यासाठी कुठलं औषध लागेल याचा विचार करत असाव्यात. मेव्हण्याने कपाळाला हात लावला. पण टेबल हललं.

मास्तरांनी एकेका मोहऱ्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं. स्वतःच्या, माझ्या, सगळ्या. उठले, तीन पावलं मागे गेले. परत आले आणि घोड्याने प्यादं मारलं.

आणि मग त्यांनी मला असं धुतलं की बस. मी मुद्दाम सोडला नाही, हे लिहून ठेवतो, कारण उद्या मलाच शंका येईल. होती तेवढी सगळी ताकद लावली. पण नऊ वर्षं ज्याला मी नक्कल करणारा समजत होतो, त्याच्या डोक्यात काय काय होतं! हत्ती असा आणून बसवला की माझा राजा घरात कोंडला गेला. सेहेचाळिसाव्या चालीला मी राजा आडवा केला. एकोणीस वर्षांतली पहिली हार.

हॉटेलात चहा आल्यावर मास्तरांनी बोटांनी बशीची कड चाचपली. मग म्हणाले, "तुम्हाला कळलं."

"कधीपासून?"

"झाली दहा-बारा वर्षं. आधी लांबच्या अक्षरांना काही नव्हतं, आता तेही जातंय." कप शोधून त्यांनी उचलला. "कुणाला बोलू नका, चष्मेवाले. शिंप्याला दिसत नाही म्हटल्यावर कोण कापड देईल?"

"दुकानात या. तपासून घेऊ."

"आणि सगळ्या पुलाला कळवू? चाळीस वर्षं मी लोकांना सांगतोय, आमच्यात चष्मा नाही म्हणून." ते उठून गेले. डाव जिंकल्याचा आनंद माणसाला लपवता येत नाही, त्यांचाही लपला नव्हता. पण ते येणार नाहीत, असं मला वाटलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सेक्रेटरीबाईंचा फोन. चौथा पट मेव्हण्याला. "एकोणीस वर्षं सेवा केलीत," त्या म्हणाल्या. हे ऐकून मला आधीच हार घालून भिंतीवर टांगल्यासारखं झालं.

संध्याकाळी मेव्हणा आला आणि दारातच उभा राहिला. "भाऊजी, तक्रार का मागे घेतलीत? जिंकत होतात!"

सांगता येण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, गंमत वाटेना. तो म्हणाला, "मला तर आता तिथे बसायचीच गंमत वाटेना." म्हणजे तो खरोखरच मला मदत करत होता. या वहीत त्याच्याबद्दल लिहिलेलं मी खोडणार होतो, पण वही आहे, राहू दे.

बायकोला मात्र सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला पँट बघूनच वाटलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते."

रडू आलं मला. जागा गेली म्हणून की काय म्हणून, ते कळलं नाही. तिने पाठीवर हात ठेवला.

शनिवार, १ मार्च

दुपारी पार्टिशनच्या पलीकडून आवाज आला, "चष्मेवाले आहेत का?"

मास्तर! बायकोला घेऊन आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखे. मी पुढे गेलो. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जिंकलो म्हणून आलो. हरलो असतो ना, तर मेलो तरी आलो नसतो. लोक म्हणाले असते, दिसत नव्हतं म्हणून हरला, आता चष्मा घेतोय. आता म्हणू देत. न दिसता जिंकलोय मी."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "सहा दिवस हेच चाललंय घरात. न दिसता जिंकलो, न दिसता जिंकलो. सुया ओवून माझे डोळे जायची वेळ आली."

मालकांनी तपासलं. मी पहिल्यांदाच चिठ्ठीची वाट न बघता शेजारी उभा राहिलो. जवळचा नंबर अधिक साडेचार, लांबचा अधिक दोन. मालक म्हणाले, "एवढी वर्षं काढलीत कशी?" मास्तर म्हणाले, "हाताने."

काचा मी आजच घासायला घेतल्या. दोनदा मोजल्या, तिसऱ्यांदाही मोजल्या.

मंगळवार, ४ मार्च

मास्तर चष्मा न्यायला आले. मी स्वतः त्यांच्या कानांवर चढवला. त्यांनी आधी स्वतःचे हात पाहिले, उलटेसुलटे. मग बायकोकडे बघतच राहिले, त्या लाजून म्हणाल्या, "बघताय काय असं?" मग त्यांनी माझ्याकडे मोहरा वळवला.

"तुम्हाला मिशी आहे?"

"वीस वर्षं झाली, मास्तर."

"कमाल आहे." ते खूष होऊन हसले. "आता पुढच्या हंगामात बघतोच तुम्हाला. तो मधल्या प्याद्याचा वाह्यातपणा पुन्हा करून दाखवा. माझ्याकडे उत्तर तयार आहे."

मग सांगणं भागच होतं. मी म्हटलं, पुढच्या हंगामात मी नसेन. तेवीस तारखेला जिंकायचीच अट होती. आता चौथ्या पटावर मेव्हणा बसणार, बस चालवतो तो.

जिंकायची अट म्हणजे काय, आणि मी टेबल का हलवलं, हे मास्तरांच्या डोक्यात जुळताना मला चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी चष्मा काढला, नीट घडी केली आणि काउंटरवर ठेवला.

"हा ठेवून घ्या."

"अहो, शिवायला लागेल ना!"

"शिवायला ही ओवून देते. हा मी तुमच्याशी खेळायला केला होता. त्या ड्रायव्हरकडे बघायला मला कशाला हवाय चष्मा?"

मास्तरीणबाईंनी चष्मा पुन्हा त्यांच्या नाकावर बसवला आणि त्यांना ओढत घेऊन गेल्या. जाताना ते दारातून दोनदा मागे वळून माझ्याकडे बघत होते. नऊ वर्षं हा माणूस मला न बघता माझी वाट बघत होता, आणि मी त्याला सवयीचा समजत होतो.

घरी येऊन हात धुतले आणि चिठ्ठी लिहायला बसलो. सेक्रेटरीबाईंना. 'चौथ्या पटाच्या जागेवर माझा हक्क मी सोडलेला नाही. माझ्या मेव्हण्यांशी माझी सहा डावांची स्पर्धा लावावी. जो जास्त जिंकेल त्याची जागा. सहा डावांत बरोबरी झाली, तर जागा त्यांची.'

शेवटचं वाक्य लिहून मीच दोनदा वाचलं. अक्षर माझंच होतं.

बायकोने मागे उभं राहून वाचलं. "हे त्याला आधी सांगितलंत?"

"सांगितलं, फोनवर. तो म्हणाला, भाऊजी, सोडणार नाही हं तुम्हाला. मी म्हटलं, सोडू नकोस."

"मग स्पर्धेच्या दिवशी मी कुणाच्या बाजूने बसायचं?" तिने विचारलं. "तो माझा भाऊ आहे."

एरवी मी म्हटलं असतं, मधोमध बस. तिलाही तेच अपेक्षित असावं, कारण ती उत्तराची वाट न बघता आत निघाली होती.

"माझ्या," मी म्हणालो.